बेशुद्ध माणूस ओकायला लागला तर काय करायचं: आधी कुशीवर, पाणी नंतर

मुंबईत कोणी प्लॅटफॉर्मवर, डब्यात, नाक्यावर कोसळलं की मदतीला माणसं कमी पडत नाहीत, उलट जरा जास्तच होतात. एक जण पाण्याची बाटली उघडतो, दुसरा कांदा आणा कांदा म्हणून ओरडतो, तिसरा पायातली चप्पल काढून नाकाशी धरतो, चौथा दातखिळी बसलीये म्हणत चमचा शोधायला लागतो. सगळ्यांचा हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण प्रत्येकाला त्या बिचाऱ्याच्या तोंडात नाहीतर नाकाशी काहीतरी न्यायचं असतं. त्याला गरज असते नेमकी याच्या विरुद्ध. तोंडात जे काही आहे ते बाहेर यायला वाट पाहिजे असते, आणि आत जायला फक्त हवा.

मी आमच्या मंडळात आणि आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये फर्स्ट एडचे छोटे क्लास घेतो. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, शिकायला सगळे येतात, टीव्हीवर बघितलेलं असतं, छाती दाबायला मजा पण वाटते. ओकारीचा विषय निघाला की लोक नाक मुरडतात. पण खरं सांगू का, तुमच्या आयुष्यात सीपीआर द्यायची वेळ कदाचित येणारही नाही, बेशुद्ध पडलेला आणि उलटी होणारा माणूस मात्र कधी ना कधी समोर येतोच, ३१ डिसेंबरला, विसर्जनाला, घरात आजोबांना स्ट्रोक आला तर, मुलाला आकडी आली तर. म्हणून हे.

आधी आत काय होतं ते समजून घ्या, मग पुढचं पाठ करावं लागत नाही

माणूस शुद्धीत असतो तेव्हा जीभ जागेवर राहते कारण तिचे आणि जबड्याचे स्नायू ताठ असतात. शुद्ध गेली की ते सैल पडतात, आणि माणूस उताणा असेल तर जीभ मागे घशावर पडते. हवा जायची वाट अर्धी किंवा पूर्ण बंद. झोपेत घोरतो ना आपण, तो याचाच हलका प्रकार, फक्त झोपेतला माणूस श्वास अडला की कूस बदलतो, बेशुद्ध माणूस बदलू शकत नाही.

दुसरी गडबड पोटाकडून. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जे झाकणासारखं काम करणारं वर्तुळ असतं तेही ढिलं पडतं, त्यामुळे पोटातलं वर यायला लागतं. आपल्याला वाटतं उलटी म्हणजे ओ ओ आवाज होणार, पोट आकसणार, आपल्याला कळणारच. बेशुद्ध माणसाचं तसं नसतं हो, नुसतं वाहत वर येतं, आवाज न करता, आणि घशात साठून राहतं. जागेपणी पाण्याचा एक थेंब चुकीच्या नळीत गेला तरी केवढा ठसका लागतो, तो ठसकाच बेशुद्धीत बंद असतो. मग ते आंबट, अ‍ॅसिडवालं पाणी आणि अन्नाचे तुकडे सरळ फुफ्फुसात. तुकडा मोठा असेल तर तिथल्या तिथे गुदमरतो, नाहीतर फुफ्फुसं आतून भाजल्यासारखी होतात आणि न्यूमोनिया होतो. डोक्याचा मार किंवा दारू यातून वाचला असता असा माणूस यातून जातो.

या दोन्ही गोष्टींवर उपाय एकच आहे, उतार. मोरीचा उतार जाळीकडे असला की पाणी आपोआप जातं, झाडू मारावा लागत नाही, तसंच तोंडाचा कोपरा घशापेक्षा खाली आला की लाळ, रक्त, उलटी सगळं आपोआप बाहेर पडतं आणि जीभही पुढे येते. बाकी जे काही खाली लिहिलंय ते हा उतार कसा आणायचा एवढंच आहे.

पहिलं मिनिट

आधी स्वतः सेफ आहात का बघा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात कोणी पडलं असेल तर वायरचा करंट असू शकतो, रस्त्यावर असेल तर मागून बस येतेय का, रुळांजवळ असेल तर गाडी. हे एका नजरेत होतं, पण करा.

मग खांद्यावर दोन्हीकडून जोरात थापट्या मारा आणि कानाशी मोठ्याने हाक, काका डोळे उघडा, ताई ऐकू येतंय का. गदागदा हलवू नका, मानेला मार असू शकतो. उत्तर नाही, डोळे नाही, कण्हणंही नाही, म्हणजे बेशुद्ध. लगेच एकाकडे बोट दाखवून सांगा, अहो निळा शर्ट, तुम्ही १०८ ला फोन लावा आणि स्पीकरवर ठेवा. 'कोणीतरी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करा' असं गर्दीला सांगितलं तर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केला. १०८ फुकट आहे, ११२ लावला तरी चालतो. एकटेच असाल तर फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवा आणि हात मोकळे ठेवा.

आता श्वास. एक हात कपाळावर, दुसऱ्या हाताची दोन बोटं हनुवटीच्या हाडाखाली, गळ्याच्या मऊ भागावर नको, आणि डोकं हळूच मागे झुकवत हनुवटी वर उचला. एवढ्यानेच जीभ घशावरून उठते, कितीतरी वेळा घोरण्यासारखा आवाज तिथेच थांबतो. मग गाल त्याच्या नाकातोंडाजवळ, नजर छातीवर, जास्तीत जास्त १० सेकंद. दादर स्टेशनच्या कलकलाटात श्वास ऐकू येणं अवघड आहे, त्यामुळे गालाला हवा लागतेय का आणि छाती वरखाली होतेय का यावर भर द्या.

आवाजांबद्दल थोडं, कारण हे लोकांना सांगितलं की फार उपयोग होतो. घोरल्यासारखा आवाज म्हणजे जीभ. गुळगुळ, चूळ भरल्यासारखा आवाज म्हणजे घशात पातळ काहीतरी साठलंय, लगेच कुशीवर. श्वास घेताना शिट्टीसारखा, ओढल्यासारखा आवाज म्हणजे वरच्या भागात काहीतरी अडकलंय किंवा सूज आहे, यात वेळ घालवायचा नाही. आणि छाती हलतेय, धडपड दिसतेय पण आवाजच नाही, हे सगळ्यात वाईट, पूर्ण बंद.

अजून एक फसवणारी गोष्ट. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं माणूस मासा तडफडावा तसा मधूनच एखादा मोठा आचका देतो. लोक म्हणतात आहे श्वास आहे. तो श्वास नाही. असे लांब लांब आचके असतील तर श्वास नाही असंच धरून सीपीआर चालू करायचा.

कुशीवर वळवायचं कसं

माणूस बेशुद्ध आहे पण श्वास नीट चाललाय, तर रिकव्हरी पोझिशन. नाव मोठं आहे, काम पाच सेकंदाचं. घरात कोणावर तरी आजच करून बघा, वाचून येत नाही.

त्याच्या बाजूला गुडघ्यावर बसा. चष्मा, खिशातला मोबाईल, किल्ल्यांचा जुडगा काढा, त्यावर वजन येतं. तुमच्याकडचा त्याचा हात काटकोनात बाहेर, कोपर वाकवून, तळहात वर. पलीकडचा हात छातीवरून ओढून घ्या आणि त्याच्या हाताची मागची बाजू तुमच्याकडच्या गालाला लावून तिथेच धरून ठेवा, सोडू नका. दुसऱ्या हाताने पलीकडचा गुडघा वर उभा करा, पाऊल जमिनीला टेकलेलं. आता तो गुडघा तुमच्याकडे ओढा, माणूस आपोआप वळतो. ताकद लागत नाही, गुडघा म्हणजे तरफ आहे, आमच्या क्लासमध्ये सडपातळ काकू नव्वद किलोच्या मुलाला आरामात वळवतात आणि मग खूष होऊन परत परत वळवतात. वरचा पाय कंबरेत आणि गुडघ्यात काटकोनात ठेवा म्हणजे तो पालथा पडणार नाही.

आणि आता लोक थांबतात. इथे थांबायचं नाही. वळवून झाल्यावर डोकं परत थोडं मागे करा आणि तोंड जमिनीकडे झुकवा. हे पटावं म्हणून मी एकाला असं कुशीवर झोपवतो, तोंडात घोटभर पाणी धरायला सांगतो आणि म्हणतो आता जबडा सैल सोड. चेहरा सरळ समोर बघत असेल तर थोडं पाणी गालात जमून राहतं, फक्त ओठाच्या कोपऱ्यातून जरासं ओघळतं. तोच चेहरा दोन-तीन बोटं खाली झुकवला की सगळं पाणी एकदम सतरंजीवर. ती सतरंजी दर वेळी भिजते पण नंतर कोणी विसरत नाही.

गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर, म्हणजे गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीवर येत नाही. तान्ह्या बाळाला हाताच्या पुढच्या भागावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा थोडं खाली, जबडा तुमच्या बोटांनी धरलेला, गळा दाबू नका. बाळाची मान मोठ्यांसारखी मागे झुकवायची नाही, सरळच ठेवायची, जास्त मागे केली तर त्याची नाजूक नळी उलट दबते.

वळवून झालं म्हणजे काम संपलं असं नाही, व्हॉट्सअ‍ॅप उघडू नका. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत मिनिटा-मिनिटाला श्वास बघत राहायचा. थांबला की परत उताणा आणि सीपीआर. बराच वेळ, म्हणजे अर्ध्या तासाच्या वर गेला, तर दुसऱ्या कुशीवर वळवा, खालचा हात दबतो.

ओकलाच तर

आधीच कुशीवर असेल तर फारसं काही करायचं नसतं. तोंड अजून खाली झुकवा, येऊ द्या, थांबलं की पुसा. उताणा असताना सुरू झालं तर मात्र सगळं सोडून आधी वळवा, पूर्ण अंग एकदम, नुसतं तोंड फिरवणं नाही. नुसती मान पिळली की घसा आडवाच राहतो, निम्मं आत जातं.

मग तोंड साफ. जमलं तर हातात ग्लोव्हज, नसतील तर दुधाची रिकामी पिशवी हातात घाला, घरात ती असतेच. बोटाला रुमाल, ओढणी, पदर काही गुंडाळा आणि खालच्या गालाच्या आतून पुढे ओढून काढा. जे डोळ्याला दिसतंय तेच काढायचं, मोबाईलचा टॉर्च मारा. दिसत नसताना बोट घशात घालून चाचपायचं नाही, अडकलेला तुकडा अजून आत जातो, बोट चावलं जातं ते वेगळंच, आणि घशाला बोट लागून परत उलटी येते. लहान मुलांमध्ये तर हे बिलकुल नको.

आपल्याकडे एक खास गोष्ट बघायची असते जी परदेशी चार्टमध्ये नसते. गालात दाबलेला तंबाखूचा बार, मावा, पान, सुपारीचं खांड. बेशुद्ध पुरुषाचा गाल एकदा ओढून बघाच, खूप वेळा निघतो. तो सुटून घशात गेला तर चोक होतो. कवळीचं म्हणाल तर, घट्ट बसलेली असेल तर राहू द्या, तोंडाचा आकार टिकतो आणि तोंडाने श्वास द्यायची वेळ आली तर सोपं जातं. ढिली किंवा तुटलेली असेल तर काढून रुमालात बांधून नातेवाइकाकडे द्या.

दात घट्ट मिटलेले असतील, ज्याला आपण दातखिळी म्हणतो, तर उघडायच्या भानगडीत पडू नका. चमच्याने दात तुटतो आणि तोच तुटका दात फुफ्फुसात जातो. कुशीवर ठेवा, पातळ जे असेल ते दातांच्या फटीतून येतं.

सीपीआर चालू असताना उलटी आली तर

ही होतेच, बऱ्याचदा होते, म्हणून घाबरू नका. छाती दाबताना पोटावरही दाब जातो, आणि तोंडाने श्वास देताना जास्त जोरात फुंकलं तर हवा फुफ्फुसाऐवजी पोटात जाते, पोट फुगतं आणि मग सगळं वर येतं. म्हणून श्वास द्यायचा तो साधारण एक सेकंद, छाती उचललेली दिसली की बस, फुगा फुगवायचा नाहीये. हात छातीच्या मध्यावर हाडावर हवेत, खाली पोटाकडे सरकले की उलटी ठरलेली.

आली की पटकन अख्ख्या माणसाला कुशीवर फिरवा, बाहेर पडू द्या, एकदा बोटाने पुसा, परत उताणा, डोकं मागे, आणि दाबणं चालू. थांबणं कमीत कमी. तोंड एकदम चकाचक करायच्या नादात अर्धं मिनिट घालवू नका, त्या वेळात मेंदूला रक्त बंद असतं. मोठ्या माणसाला मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, ३० दाब आणि २ श्वास. तोंडात ओकारी आहे, तोंडाला तोंड लावायची हिंमत होत नाही? नका लावू, नुसतं दाबत राहा, काहीच न करण्यापेक्षा ते शंभर पट बरं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि हो, उलटी झाली म्हणजे 'शुद्धीवर आला, आला' असं गर्दीतून कोणीतरी ओरडतंच. तसं काही नसतं. बंद पडलेल्या माणसाच्याही पोटातून वर येतं. नीट श्वास सुरू झाला, हालचाल झाली, डोळे उघडले तरच थांबा.

लोकलमध्ये

डब्यात गर्दीमुळे कोसळायलाही जागा नसते, माणूस उभ्याउभ्याच सैल होतो, मग लोक त्याला विंडो सीटवर कोंबतात, दोघं दोन्ही बाजूंनी धरतात, मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकलेली, आणि कोणीतरी त्याच अवस्थेत ओठाला बाटली लावतंय. हे चित्र बदलायला पाहिजे. हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट दुमडते, चक्कर आलेल्याच्या मेंदूला रक्त पाहिजे तर आडवा करायला पाहिजे, आणि पाणी तर सरळ फुफ्फुसात.

तिघांच्या सीटवरून सगळ्यांना उठवा, लोक उठतात, पुणेकर नाही मुंबईकर आहेत ते, आणि आडवं करा. साधी चक्कर असेल तर आडवं केल्यावर आणि पाय वर केल्यावर एखाद-दोन मिनिटात डोळे उघडतात. नाही उघडले तर गुडघे वाकवून कुशीवर, तोंड चालायच्या जागेकडे, म्हणजे उलटी खाली जाईल, आणि एकाने सीटच्या कडेला पाय लावून उभं राहायचं म्हणजे ब्रेक लागला तरी पेशंट पडणार नाही. गळ्याभोवतीची ओढणी, टाय, आयकार्डची दोरी, पुढे अडकवलेली सॅक सगळं सोडवा. खिडक्यांसमोरची माणसं बाजूला.

चेन ओढायची का, तर दोन स्टेशनांच्या मध्ये नको. मध्येच गाडी थांबली तर तिथे ना स्ट्रेचर ना अ‍ॅम्ब्युलन्स. १३९ या रेल्वे हेल्पलाइनला कळवा, पुढच्या स्टेशनला उतरवा, एकाने आधी उडी मारून स्टेशन मास्तरकडे धावायचं. तिथे स्ट्रेचर आणि हमाल मिळतात, मोठ्या स्टेशनांवर मेडिकल रूमही आहेत. स्ट्रेचरवर पण कुशीवरच ठेवायला सांगा, पुलाच्या पायऱ्या उतरताना उताणा ठेवून ओकारी झाली तर मध्येच वळवता येत नाही.

काही ठिकाणी जरा वेगळं असतं

अपघात, उंचावरून पडणं, गाडीवरून पडणं, इथे मानेचं हाड मोडलेलं असू शकतं. अशा वेळी डोकं मागे झुकवण्याऐवजी डोक्याच्या मागे बसून दोन्ही हातांच्या बोटांनी जबड्याचे कोपरे वर उचलायचे, मान न हलवता. वळवायचं झालं तर एकाने डोकं आणि मान सरळ रेषेत धरायची आणि बाकीच्यांनी त्याच्या इशाऱ्यावर सगळं अंग ओंडक्यासारखं एकत्र फिरवायचं. पण एकटे असाल आणि त्याच्या तोंडात रक्त-उलटी भरतेय तर मानेची चिंता दुय्यम, वळवा. मान सांभाळली आणि माणूस गुदमरून गेला याला काही अर्थ नाही. हेल्मेट श्वास चालू असेल तर राहू द्या, काच वर करा. हेल्मेटमध्ये उलटी साठतेय किंवा श्वास बंद आहे तर काढावंच लागतं, दोघांनी मिळून, एकाने खालून मान आणि जबडा धरायचा, दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेट बाजूंनी फाकवत हळू काढायचं. रस्त्यावरच्या अपघातात मदत केली म्हणून पोलीस आपल्यालाच अडकवतील ही भीती आता सोडा, सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये हे स्पष्ट केलंय आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय.

आकडी आली असेल तर झटके चालू असताना हातपाय दाबून धरू नका, फक्त आजूबाजूचं टणक सामान बाजूला करा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा आणि घड्याळ बघा. तोंडात काही नाही, हातात किल्ली नाही, कांदा नाही. जीभ गिळली जाते हे खोटं आहे, जीभ गिळता येत नाही. झटके थांबले की कुशीवर, फेस पुसा. पाच मिनिटांच्या वर चाललं, किंवा एकामागून एक आली, किंवा पहिलीच आकडी आहे, तर १०८.

दारू. यावर मी जरा जास्तच बोलतो असं पोरं म्हणतात. मित्र आऊट झाला, त्याला उताणा झोपवला, लाईट बंद केली आणि बाकीचे बाल्कनीत गेले, हे करू नका यार. शेवटचे दोन पेग पोटात असतात ते पुढचा तासभर चढतच राहतात, म्हणजे आता बडबडतोय तो थोड्या वेळाने उठवूनही उठणार नाही असं होऊ शकतं. कुशीवर झोपवा, पाठीमागे लोड किंवा सॅक लावा म्हणजे उताणा होणार नाही, आणि एकाने जागं राहून शेजारी बसायचं, आळीपाळीने. ब्लॅक कॉफी, लिंबूपाणी, बाथरूममध्ये नेऊन अंगावर पाणी ओतणं, घशात बोट घालून ओकायला लावणं, सगळं फालतू आणि धोक्याचं. हाक मारून चिमटा काढूनही उठत नाही, श्वास हळू किंवा मधेच थांबतोय, ओठ निळसर, अंग गार, तर घरी कळेल याची भीती बाजूला ठेवून हॉस्पिटल.

विष किंवा काही चुकीचं प्यायला असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची पद्धत आपल्याकडे अजून घट्ट आहे. नका करू. संडास साफ करायचं अ‍ॅसिड खाली जाताना एकदा भाजतं, वर येताना परत भाजतं. रॉकेल पोटात असतं तोवर एक वेळ ठीक, उलटीबरोबर फुफ्फुसात गेलं की पोर हाताबाहेर जातं. बाटली किंवा पुडी सोबत घ्या. कीटकनाशक असेल तर ओकारीला उघडा हात लावू नका आणि तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका.

समुद्रातून काढलेल्या माणसाचं पोट दाबून पाणी काढणं, पालथं टाकून पाठीवर बसणं, हे जुहू-गिरगावला अजून दिसतं. पोटातलं पाणी त्याला मारत नाही, हवा नसणं मारतं. पोट दाबलं की तेच पाणी आणि जेवण वर येऊन फुफ्फुसात जातं. श्वास नसेल तर उताणा, वाट मोकळी, आणि इथे तोंडाने श्वास देणं खरंच महत्त्वाचं, आधी श्वास मग छाती. तोंडातून फेस येत राहील, तो पुसत बसू नका, संपत नाही. उलटी आली तर वर सांगितलं तसं वळवा. शुद्धीवर आला तरी हॉस्पिटलला न्यायचंच, घरी नाही.

घरात कोणाचं तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एक हात लुळा पडला, तर चमच्याने चहा, साखरपाणी, गोळी काहीच नाही. गिळायचे स्नायूच गेलेले असू शकतात.

अ‍ॅम्ब्युलन्स नाहीच आली तर टॅक्सी-रिक्षा

ट्रॅफिकमध्ये वाट बघणं शक्य नसतं कधी कधी, कबूल. टॅक्सीच्या मागच्या सीटवर कुशीवर, पाय दुमडून, डोकं एकाच्या मांडीवर पण तोंड मांडीच्या कडेवरून खाली, मांडीवर पिशवी पसरा. बसवून, डोकं मागे टाकून नेऊ नका. रिक्षात सीट अरुंद, तिथे दोघांपेक्षा जास्त नातेवाईक चढूच नका, जागा पेशंटला द्या. जुन्या चाळीच्या जिन्यावरून खुर्चीत बसवून उतरवायला लागलं तर एका माणसाचं काम फक्त हनुवटी वर धरणं, आणि गुळगुळ ऐकू आलं की खुर्ची तिथेच टेकवून तोंड खाली. केईएम, सायन, नायर, कूपर, जे जवळ असेल तिथे थेट कॅज्युअल्टीला.

डॉक्टरला काय सांगायचं: कधी कोसळला, शेवटचं काय आणि कधी खाल्लं-प्यायलं, किती वेळा ओकला, आणि ओकारीचा रंग. लाल रक्त, कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट, किंवा गडद हिरवं असेल तर हे आधी सांगा. डोक्याला मार लागून नंतर परत परत उलट्या होत असतील तर तेही, पेशंट 'मी ठीक आहे' म्हणत असला तरी. छातीत जळजळ, घाम आणि उलटी म्हणजे नेहमी अ‍ॅसिडिटीच असते असं नाही, हार्ट अटॅकही असू शकतो.

मागे राहिलेली घाण

वर जुने पेपर टाका, पाणी ओतून पसरवू नका. एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी असं मिश्रण त्यावर ओतून दहा मिनिटं थांबा, खिडकी उघडी ठेवा, मग पेपरसकट उचलून दोन पिशव्यांत घट्ट बांधा. ब्लीच आणि संडासचं अ‍ॅसिड एकत्र करायचं नाही, विषारी गॅस निघतो, बंद बाथरूममध्ये तर अजिबात नाही. हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा, नुसत्या सॅनिटायझरवर भागवू नका, उलट्या-जुलाब पसरवणाऱ्या काही व्हायरसवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. डोळ्यात शिंतोडा उडाला असेल तर नळाखाली भरपूर धुवा, आणि हाताला उघडी जखम असून रक्ताची उलटी लागली असेल तर त्याच हॉस्पिटलमध्ये स्वतःचंही नाव लिहा, तिथे आहातच तर दाखवूनच निघा.